रात्रीत बॅटरी उतरते? जुन्या ट्रकमधली करंटची गळती शोधायची पद्धत

संध्याकाळी गाडी व्यवस्थित चालू होते आणि सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक’ करतो. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवी बॅटरी टाकायचा आणि दुसरा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) भरून घ्यायचा. दोन्हींत पैसे जातात आणि दुखणं बहुधा तिथंच राहतं, कारण करंट किती जातोय आणि कुठून जातोय हे कुणी मोजलेलंच नसतं. नवी बॅटरी त्याच गळतीपुढे थोडे जास्त दिवस तग धरते, एवढंच. पुढे तीही वारंवार पूर्ण उतरून उतरून लवकर निकामी होते.

हा लेख मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे: १२ व्होल्टची टाटा ४०७, २४ व्होल्टची टाटा १६१३, त्या काळातल्या लेलँड आणि तशाच इतर गाड्या. यांत इंजिनाचा कॉम्प्युटर नाही. त्यामुळे चावी बंद, दिवे बंद असताना गाडीने जवळपास काहीच करंट ओढायला नको. त्याहून जास्त जे काही दिसेल ते एकतर नंतर कुणीतरी जोडलेलं असतं किंवा बिघडलेलं असतं.

आधी ठरवा: गळती आहे की बॅटरीच गेली आहे?

सकाळी गाडी न उचलण्याची तीन वेगळी कारणं असू शकतात. बॅटरी चार्ज धरून ठेवत नाही, बॅटरी दिवसभरात पुरती चार्जच होत नाही, किंवा रात्री कुठून तरी करंट जातोय. पहिली दोन बाजूला काढल्याशिवाय वायरिंगला हात लावू नका.

बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण चार्ज करा. करंट बॅटरीच्या एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) दहाव्या हिश्शाएवढा ठेवा, म्हणजे १०० एएच बॅटरीला १० अँपिअर. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक करून लावा. जोडीने चार्ज केल्या तर एक उकळते आणि दुसरी अर्धवट राहते, आणि पुढचं सगळं मोजमाप फसतं. चार्जर काढल्यावर तीन-चार तास बॅटरी तशीच राहू द्या, नाहीतर वरवरचा चार्ज व्होल्टेज फुगवून दाखवतो.

नंतर मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. चार्ज करूनही १२.४ च्या वर जात नसेल तर बॅटरीच संशयित. पाणी भरायची बुचं असतील तर हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणारी नळी) सहाही सेल तपासा. आपल्याकडच्या उष्ण हवामानासाठी भरलेल्या बॅटरीत पूर्ण चार्जला १.२४० ते १.२६० च्या आसपास वाचन येतं. यात नेमक्या आकड्यापेक्षा सेलमधला फरक महत्त्वाचा. पाच सेल १.२५० आणि एक १.१८० असेल तर तो सेल गेला, आणि त्या बॅटरीवर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

आता रात्रीची परीक्षा. बॅटरी गाडीत ठेवा, पण अर्थची (चेसिसला जाणारी निगेटिव्ह) केबल काढून बाजूला बांधा. झोपण्यापूर्वी व्होल्टेज मोजा, सकाळी पुन्हा मोजा. गाडीशी संबंध तुटलेला असतानाही ०.१ व्होल्टपेक्षा जास्त उतरली तर दोष बॅटरीच्या आत आहे. केबल काढलेली असताना बॅटरी जागच्या जागी राहते आणि जोडली की सकाळपर्यंत उतरते, तर गळती पक्की.

चार्जिंगची तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर ठेवून हेडलाईट लावा आणि बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४ आणि २४ व्होल्टच्या गाडीत २७.६ ते २८.८ दिसायला हवेत. कमी असेल तर आधी बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरची अर्थ बघा. दिवसभर गावातल्या गावात दहा-दहा मिनिटांच्या खेपा करणारी गाडी सेल्फला लागलेला करंटही धड भरून काढत नाही, हेही लक्षात घ्या.

लागणारं सामान

१० अँपिअरचं वेगळं भोक असलेला डिजिटल मल्टिमीटर, मगरी क्लिप लावलेल्या दोन वायरी, एक जाडसर जंपर वायर, गाडीच्याच व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, तारेच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, १० आणि १३ नंबरचे पाने, वेगवेगळे फ्यूज, पॉलिश पेपर, वही-पेन. टेस्ट लॅम्प एलईडीचा नको. तो अगदी किरकोळ करंटलाही लख्ख पेटतो आणि तीन अँपिअरची गळती व तीन मिलिअँपिअरची गळती त्याला सारखीच दिसते. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम. मात्र दहा-वीस मिलिअँपिअर नीट दाखवणारा हवा, आणि दरवेळी वायरीबाहेर धरून शून्य करून घ्यावा लागतो. घरगुती विजेचा साधा क्लॅम्प मीटर इथे उपयोगी नाही, तो फक्त एसी मोजतो.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना ठोकळे लावून उभी करा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून चार्जर काढल्या काढल्या तिथे ठिणगी पडेल असं काही करू नका. केबल काढताना अर्थ आधी, लावताना अर्थ शेवटी. पाना पॉझिटिव्हवर असताना चेसिसला टेकला तर पाना वेल्डिंग झाल्यासारखा चिकटतो आणि बॅटरी फुटूही शकते. अर्थ आधी काढली की ही भीती संपते.

मीटर लाईनीत लावणे

चावी काढा. सगळे दिवे, पंखा, गाण्यांचा टेप बंद करा. केबिनचा दिवा दारावर चालत असेल तर दार लावून घ्या किंवा दाराचा स्विच दाबून बांधा. बॅटरीचा कट-ऑफ स्विच (पूर्ण गाडीचा करंट तोडणारा) असेल तर तो चालूच ठेवा. गाडी रोज ज्या अवस्थेत उभी राहते त्याच अवस्थेत मोजायचं आहे. हुड किंवा बोनेट आधीच उघडून ठेवा.

१. अर्थची केबल बॅटरीवरून काढा. केबलचं टोक आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब लावा. बल्ब लख्ख पेटला तर गळती मोठी आहे; तिथे मीटर लावलात तर त्याचा फ्यूज जाऊ शकतो. आधी मोठा दोष बल्बनेच शोधा. बल्ब नुसता लालसर झाला किंवा पेटलाच नाही तर पुढे जा.

२. बल्ब काढून त्याच जागी जंपर वायर लावा. आता गाडी जणू नेहमीसारखी जोडलेली आहे. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात टाका, निवड डीसी अँपिअरवर ठेवा, लाल टोक केबलला आणि काळं टोक निगेटिव्ह खुंटीला लावा.

३. पंधरा-वीस मिनिटं थांबा. टेपची मेमरी आणि जीपीएस ट्रॅकर जोडताक्षणी जास्त ओढतात आणि मग शांत होतात. ट्रॅकरच्या आतली छोटी बॅटरी उतरलेली असेल तर ती भरेपर्यंत तो कितीतरी जास्त करंट घेतो. पहिल्या मिनिटाच्या आकड्यावरून बरेच जण ट्रॅकरला दोषी ठरवतात आणि खरा चोर सुटतो.

४. जंपर काढा. आता सगळा करंट मीटरमधून जाईल. आकडा लिहून ठेवा. तो १५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असेल तरच जंपर पुन्हा लावून मीटर बारीक रेंजवर घ्या, आणि मग जंपर काढा.

मीटर लाईनीत असताना चावीला कुणीही हात लावता कामा नये. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. मीटर त्याच क्षणी जातो. चावी खिशात ठेवा, क्लीनरला सांगून ठेवा.

२४ व्होल्टच्या गाडीत मोजायची खास गोष्ट

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. एकीची निगेटिव्ह चेसिसला, तिची पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, आणि दुसरीची पॉझिटिव्ह गाडीच्या वायरिंगला. चेसिसकडच्या बॅटरीला खालची म्हणू, वायरिंगकडच्या बॅटरीला वरची.

टेप, मोबाईल चार्जर, पंखा ही सगळी उपकरणं सहसा १२ व्होल्टची मिळतात. मग कुणीतरी सोपा मार्ग काढतो: दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून वायर घेतो आणि दुसरं टोक चेसिसला. टेप वाजतो, सगळे खूश. पण हा करंट फक्त खालची बॅटरी देते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो आणि एकीची गरज जास्त आहे हे त्याला कळत नाही. खालची कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं. वरचीवर १४.४ च्या जागी १५-१५.५ व्होल्ट पडतात, तिचं पाणी उडतं आणि ती तापते. काही महिन्यांत दोन्ही जातात, एक उपाशी राहून आणि दुसरी अती चार्ज होऊन. मग ‘बॅटरीची कंपनीच खराब’ असा निष्कर्ष निघतो.

हे पकडायला मोजमाप दोन ठिकाणी घ्या. एकदा खालच्या बॅटरीच्या अर्थ केबलमध्ये आणि एकदा वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह केबलमध्ये. वरच्या केबलमधून फक्त २४ व्होल्टच्या उपकरणांचा करंट जातो. खालच्या केबलमधून तो आणि मधल्या पट्टीवरून घेतलेला १२ व्होल्टचा करंट, दोन्ही जातात. वर ४० मिलिअँपिअर आणि खाली ४६० मिलिअँपिअर आले तर ४२० मिलिअँपिअर मधल्या पट्टीवरून जातायत, दुसरीकडे शोधायचं कारणच नाही. पॉझिटिव्ह केबलवर काम करताना आधी खालची अर्थ काढा, वर मीटर आणि जंपर लावा, मग अर्थ परत जोडा. त्या वेळी मीटरची उघडी क्लिप कुठेही लोखंडाला लागू देऊ नका.

घाई असेल तर एक खूण पुरते: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. दोघींत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल आणि दोघी एकाच वेळी बसवलेल्या असतील तर मधली पट्टी तपासा.

उपाय एकच: त्या पट्टीवरची वायर काढून टाका आणि २४ वरून १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवा. टेप आणि चार्जरसाठी १० अँपिअरचा पुरतो. कन्व्हर्टर स्वतःही नुसत्या जागेपणी थोडा करंट खातो, म्हणून त्याला येणारी लाईन चावीमागून किंवा चावीने चालणाऱ्या रिलेमधून (छोट्या करंटने मोठी लाईन जोडणारा स्विच) घ्या, थेट बॅटरीवरून नको.

आकडा काय सांगतो

२० ते ३० मिलिअँपिअरपर्यंत काळजी नको. टेपची मेमरी, घड्याळ आणि अल्टरनेटरच्या डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जाणारा अगदी किरकोळ करंट यात येतो. जीपीएस ट्रॅकर असेल तर त्याचे थोडे आणखी धरा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, १०० एएचची चांगली बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत याने तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त उतरते, पण एका रात्रीत गाडी बंद पडणार नाही. एका रात्रीत बॅटरी झोपवायला अँपिअरचीच गळती लागते, किंवा बॅटरी आधीच इतकी दमलेली असते की अर्धा अँपिअरही पुरतो.

आकड्यावरून वस्तूचा अंदाज बांधता येतो. १२ व्होल्टवर ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो, २४ व्होल्टवर ०.२. ब्रेकचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर, २४ वर त्याच्या निम्मा. ओढून राहिलेल्या रिलेची नुसती गुंडाळी १२ व्होल्टवर दीडशेच्या आणि २४ वर सत्तर-ऐंशी मिलिअँपिअरच्या आसपास खाते. २४ व्होल्टच्या गाडीत मीटर पावणेदोन अँपिअर दाखवत असेल तर दोन ब्रेक लाईट पेटलेले आहेत का, हे गाडीच्या मागे जाऊन बघायला अर्धं मिनिट लागतं. आकडा उड्या मारत असेल, म्हणजे कमीजास्त होत असेल, तर ओल किंवा सैल झालेला सांधा समजा.

लाईन शोधणे

आता मीटर लागलेलाच ठेवून एकेक फ्यूज काढा आणि परत लावा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल ती लाईन. प्रत्येक फ्यूजसाठी आकडा वहीत लिहा, कारण एकापेक्षा जास्त गळत्या असतात. पहिली सापडली की आनंदाने थांबणं ही नेहमीची चूक आहे.

फ्यूज न काढताही शोधता येतं. मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांना लावा. करंट वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर काहीतरी आकडा. १० अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो, त्यामुळे १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलिअँपिअर. जुन्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या फ्यूजची टोकं उघडीच असतात, तिथे हे आणखी सोपं. फक्त त्यांच्या टोकांवर गंज असेल तर आकडा फुगतो, म्हणून आधी पॉलिश पेपरने साफ करा.

सगळे फ्यूज काढले आणि तरी गळती कायम? जुन्या ट्रकमध्ये हे सर्रास होतं, कारण निम्म्या लाईनी फ्यूजबॉक्समधून जातच नाहीत. सेल्फच्या सोलेनॉइडवरचा (सेल्फला करंट जोडणारा जाड स्विच) जाड बोल्ट बघा. बॅटरीची केबल तिथे येते आणि अल्टरनेटर, चावीचा स्विच, हॉर्न आणि पुढच्या काळात जोडलेल्या कितीतरी वायरी तिथूनच निघतात. अर्थ काढा, त्या बोल्टवरून एक वायर सुटी करून टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, अर्थला मीटर पुन्हा लावा, आकडा बघा. मग पुढची वायर. बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पखाली दाबलेल्या बारीक वायरींचंही हेच करा. प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधा, नाहीतर शेवटी कुठली कुठे होती ते कळणार नाही.

अल्टरनेटर

फ्यूज काढूनही न थांबणाऱ्या गळतीत अल्टरनेटर पहिल्या रांगेत असतो. त्याची मोठी वायर बॅटरीला कायम जोडलेली असते आणि उलटा करंट फक्त आतले डायोड अडवतात. एखादा डायोड फुटला की रात्रभर करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जातो. याची हाताने कळणारी खूण आहे: सकाळी इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटरच्या अंगाला हात लावा. तो कोमट लागला तर दुसरा पुरावा फारसा लागत नाही.

खात्रीसाठी अर्थ काढून अल्टरनेटरची जाड वायर सोडा, टेप लावून बाजूला करा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर डायोड प्लेट बदलायची. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्टेज मोजलं तरी कळतं. हेडलाईट लावून अर्ध्या व्होल्टच्या वर एसी येत असेल तर डायोड गेलेला आहे. काही डायोड गरम झाल्यावरच गळतात. म्हणून गार गाडीत काही सापडलं नाही तर लांबची खेप करून आल्या आल्या पुन्हा मोजा.

डायोड अनेकदा माणसांच्या सवयीने जातात: इंजिन चालू असताना कट-ऑफ स्विच बंद करणं, ‘चार्जिंग बघायला’ चालत्या इंजिनावर बॅटरीची केबल काढणं, किंवा दुसऱ्या गाडीवरून चालू करताना प्लस-मायनस उलटं लावणं. हे तीनही टाळा.

नेहमीचे संशयित

ब्रेक लाईटचा स्विच. एअर ब्रेकच्या गाडीत तो हवेच्या दाबावर चालतो. हवेच्या टाकीत साठलेलं पाणी वेळेवर सोडलं नाही तर ओल आत जाते आणि संपर्क चिकटून राहतो. दिवसा पेटलेला ब्रेक लाईट कुणाला दिसत नाही, म्हणून अंधारात मागे जाऊन बघा. स्विचची एक वायर काढली आणि आकडा पडला, तर स्विच बदला. साफ करून पुन्हा बसवलेला फार दिवस टिकत नाही.

चावीचा स्विच. झिजलेल्या स्विचमधून चावी ‘चालू’वरच निघून येते, किंवा चावी बंद असूनही आतला संपर्क सुटत नाही. ज्या गाड्यांत इंजिन दांडी ओढून बंद होतं त्यांत आणखी एक घोळ असतो: इंजिन थांबतं, चावी तशीच राहते, आणि मीटरबोर्ड व अल्टरनेटरची गुंडाळी रात्रभर करंट घेत बसतात. दांडी ओढल्यावर चार्जिंगचा लाल दिवा पेटलेला असेल तर चावी चालू आहे.

टेप. त्याच्या पिवळ्या वायरला कायमची लाईन लागते, मेमरीसाठी, आणि लाल वायरला चावीमागची. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडल्या की टेप कधी झोपतच नाही. सोबत अँप्लिफायर असेल तर तोही जागा राहतो. लाल वायर चावीमागे नेली की बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

घरगुती उपकरणं चालवायचा इन्व्हर्टर, दर्शनी दिव्यांच्या माळा, देवाच्या फोटोभोवतीचे एलईडी, केबिनमधला पंखा, मागचा कॅमेरा. इन्व्हर्टरला काहीही जोडलेलं नसलं तरी तो तीन-चारशे मिलिअँपिअर घेऊ शकतो. ही सगळी मंडळी एका रिलेमागे घ्या आणि रिलेची गुंडाळी चावीवर चालवा.

मागच्या दिव्यांचे होल्डर आणि बॉडीखालून जाणारी वायरिंग. कोकणातल्या पावसाळ्यात, खाऱ्या हवेत, किंवा मासळी-मिठाची वाहतूक करणाऱ्या गाडीत होल्डरमध्ये हिरवा गंज साठतो आणि कायमची लाईन आणि अर्थ यांच्यामध्ये तोच पूल बनतो. कोरड्या दिवशी गळती नसते, पाऊस पडला की सुरू होते. मीटर लावून ठेवा आणि एकेका दिव्यावर, जोडावर पाण्याचा फवारा मारा. आकडा कुठे उडी मारतो ते बघा. मग चेसिसवरून जाणारी वायरिंग हाताने हलवत मागपर्यंत जा. ब्रॅकेटची धार, केबिन उचलायचा सांधा आणि बॅटरी बॉक्सची कड या जागांवर इन्सुलेशन हमखास घासतं.

रस्त्याकडेला गाडी लावून पार्किंग दिवे रात्रभर चालू ठेवावे लागत असतील तर तो दोष नाही, पण हिशोब करा. सगळे मिळून ५० वॅट असतील तर २४ व्होल्टवर दोन अँपिअर, दहा तासांत २० एएच. चांगल्या दर्जाचे एलईडी बसवले तर हा भार कितीतरी कमी होतो, आणि दिवे बंद ठेवून धोका पत्करायची वेळ येत नाही.

बॅटरीचा वरचा भागही विसरू नका. आम्ल, धूळ आणि ओल यांचा थर दोन खुंट्यांमध्ये करंट वाहून नेतो. मीटर व्होल्टवर ठेवून काळं टोक निगेटिव्ह खुंटीवर धरा आणि लाल टोक बॅटरीच्या झाकणावर फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर धुवायची वेळ झाली. बुचं घट्ट बंद करून लिटरभर पाण्यात मोठा चमचा खाण्याचा सोडा घाला, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये, आम्ल मारलं जातं. खुंट्या कोरड्या करून क्लॅम्प आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा.

दुरुस्ती करताना

कट-ऑफ स्विच बसवून मोकळं व्हायचं, असं खूप ठिकाणी केलं जातं. उभ्या गाडीसाठी तो स्विच चांगलाच आहे, पण गळतीवरचा उपाय म्हणून नाही. घासलेल्या इन्सुलेशनमधून आज अर्धा अँपिअर जातोय, उद्या तीच वायर चेसिसला पूर्ण टेकेल, आणि फ्यूज नसलेली वायर तापून पेटते. ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच झोपतात, हे डोक्यात ठेवून ती वायर शोधूनच काढायला हवी.

प्रत्येक जोडलेल्या लाईनीला बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज द्या. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला १० अँपिअर, अडीचच्या वायरला १५. पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबरी ग्रोमेट आणि खाचदार प्लास्टिक नळी घाला. नुसती पिळून टेप लावलेली जोडणी ट्रकच्या धक्क्यांत सुटते; लग (धातूचं टोक) दाबून किंवा सोल्डर करून वर तापवून आवळणारी नळी चढवा. वापरात नसलेल्या जुन्या वायरी टेप लावून आत ढकलू नका, मुळापासून काढा.

काम झालं की मीटर पुन्हा त्याच जागी, त्याच पद्धतीने लावा आणि नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. मग अर्थ जोडून गाडी रात्रभर उभी ठेवा. संध्याकाळी १२.६५ असलेली बॅटरी सकाळी १२.६० च्या आत-बाहेर असेल तर झालं. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्यांचं वाचन सुटं घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा घ्या, कारण आधी उपाशी राहिलेली खालची बॅटरी नेहमी सावरतेच असं नाही. दोघींत तोवर फरक पडू लागला असेल तर एकच बदलू नका. जुनी आणि नवी एका जोडीत लावली की नवी बॅटरी जुनीच्या बरोबरीने खराब होते. जोडी एकाच कंपनीची, एकाच एएचची आणि शक्यतो एकाच महिन्यात बनलेली घ्या.